विमानाच्या पोटातली कवडी

पोहरादेवीच्या यात्रेच्या गाड्या ज्या फाट्यावरून धूळ उडवत वळतात, तिथून थोडं आत गेलं की फुलसिंग आडेचा तांडा लागतो. तिथं कुणालाही विचारा, फुलसिंगची रंजीता काय करते? एक म्हणेल, विमान चालवते. दुसरा म्हणेल, छे, विमानात लोकांना चहा देते. आणि तांड्याचे नायक हेमसिंग, ज्यांचं बोलणं मधेच तोडायची तांड्यात पद्धत नाही, ते मिशीवरून हात फिरवत सांगतील, "नागपूरले विमानं धुते. सरकारी हाय." नोकरी सरकारी नाही आणि विमानं धुणारी माणसं वेगळी असतात, पण हे नायकांना सांगणार कोण?

रंजीता विमानं दुरुस्त करते. एकदा पेपरात तिचा फोटो आला होता, वर मोठ्या अक्षरात 'तांड्याची लेक आकाशात'. फोटोत ती विमानाच्या चाकापाशी उकिडवी बसलेली, हाताला वंगण, गालावरही थोडं. पेपरवाल्यांना आकाशाशिवाय काही दिसत नाही. आकाशात जाणारं जमिनीवर कुणीतरी नीट करून पाठवावं लागतं, ही बातमी होत नाही.

तिची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिच्या आईच्या सुईपासून करावी लागते.

कमलीबाई म्हणजे तांड्याचा शिवणहात. बंजारा बायांची आरसे आणि कवड्या जडवलेली कांचळी असो की पोरांची गोधडी, शेवटचा हात कमलीबाईचा. "कमलीचा टाका आन् नायकाचा शब्द सुटत नाई," असं तांड्यात म्हणत. नायकाचा शब्द एखाद्या वेळी सुटल्याचं लोकांनी पाहिलं होतं. टाका सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा. त्याआधी बाया मिळून वाटेसाठी, फडावरच्या खोपटांसाठी गोधड्या शिवत. अंगणात जुनी लुगडी अंथरायची, चहूबाजूंनी बाया बसायच्या. सुया कमलीबाईच्या. प्रत्येकीने तिच्याकडून मोजून घ्यायची, उठताना मोजून परत द्यायची. एखादी कमी भरली की कमलीबाई एवढंच म्हणायची, "कोनी उठू नका." मग सगळ्या जणी गोधडीवरून तळहात फिरवत. भाकरी करपो, म्हैस हंबरो, सुई हाती लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, कारण त्या गोधडीवर रात्री कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. सुई कोणाची होती हे विचारायचं नाही.

लहानपणी रंजीताच्या हातून अशी एकदा सुई हरवली. ती मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. बायांनी गोधडी चाचपली, उसवली, अंधार पडायच्या आधी सुई एका शिवणीत सापडली. रात्री तिच्याच्यानं राहवलं नाही. म्हणाली, "याडी, सुई माही होती." याडी म्हणजे आई. मायलेकी आपसात गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलतात. ते बोलणं इथं वऱ्हाडीत घातलंय, तेवढं चालवून घ्यावं. कमलीबाईनं चूल सारवता सारवता मागं वळूनही पाहिलं नाही. "सापडली ना? मंग मले काय करायचं कोनाची होती त्याचं. इचारलं असतं त तू लपवली असती."

शिवणकाम मात्र पोरीला काही येईना. तिला गोडी उसवण्यात. आईच्या कांचळीचा आरसा कशानं धरून ठेवलाय हे पाहायला तिनं एकदा अख्खी बाही उसवून ठेवली आणि पाठीत धपाटा खाल्ला. मळणीयंत्र बंद पडलं की बाप्ये शिव्या देत बसत आणि ही खाली वाकून आत डोकवायची. ऊसतोडीच्या ट्रकात तिला बसवायची वेळ आली तेव्हा कमलीबाई आडवी आली. "हे येनार नाई. हे आश्रमशाळेत राह्यनार." फुलसिंग म्हणाला, "दोन हात कमी पडतीन." कमलीबाई म्हणाली, "माहे दोन जास्त चालतीन." आणि चालवलेही. फडावर तिच्या कोयत्याचा आवाज सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचा आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचा, हे फुलसिंग आजही सांगतो.

आश्रमशाळा, मग वाशीमला आयटीआय, मग कुण्या मास्तरांनी जाहिरात दाखवली म्हणून नागपुरात विमान दुरुस्तीचा अभ्यासक्रम. शिष्यवृत्तीवर शिकली, वसतिगृहाची पातळ डाळ प्याली आणि एका विमान दुरुस्तीच्या कारखान्यात चिकटली. तिथं येणारी विमानं बहुतेक एकाच घराण्यातली, ए-तीनशे वीस. मधे एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या, पंखांखाली दोन इंजिनं. घराण्यात भावंडं चार. कुणी आखूड, कुणी लांब, पण तोंडवळा तोच, आणि एक चालवता आलं की बाकीची चालवायला वैमानिकाला नव्यानं शिकावं लागत नाही.

पहिल्या सुट्टीत तिनं मोबाइलवर फोटो दाखवून आईला हे समजावलं. कमलीबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कापड तेच, बेत तोच, अंगापरमानं लांब-आखूड. कांचळीवानी."

"तसंच, याडी."

"आन् जाते कुठं हे?"

"लय लांब नाई. मुंबई, दिल्ली, पुणं. गेलं, उतरलं, मानसं खाली, नवे वर, लगेच मांगं. दिवसभर तेच."

"म्हंजे कामरगावची जीप," फुलसिंग मधेच म्हणाला. "फक्त टपावर कोनी बसत नाई."

रंजीता हसली, पण तिला हे विमान त्याच कारणासाठी आवडायचं. समुद्र ओलांडणारी मोठी विमानं दिमाखाची, हे कष्टाचं. दिवसातून किती वेळा चढायचं, किती वेळा उतरायचं, दरवेळी चाकांनी आपटी खायची, आणि पुन्हा तोंड धुऊन उभं राहायचं. ठरावीक काळ गेला की ते हँगरमध्ये, दुरुस्तीच्या उंच शेडमध्ये येतं. मग त्याच्या खुर्च्या निघतात, पायाखालच्या फळ्या निघतात, आतलं अस्तर निघतं, आणि आत दिसतात वायरींच्या वेण्या, नळ्या, पोलादी दोऱ्या. पहिल्यांदा हे उघडं पोट पाहिलं तेव्हा रंजीता वाकून एकेका वेणीचा माग काढत बसली. एवढं उसवलेलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि इथं उसवल्याबद्दल पाठीत धपाटा नव्हता.

तिथला पहिला नियम असा की जे विमानाचं नाही ते विमानात राहता कामा नये. बांगडी नको, अंगठी नको, खिशात पेन नको, सुटं नाणं नको. पाने आणि पेचकस ठेवायच्या कपाटात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कोरलेला. काम संपलं की प्रत्येक खळगा भरला पाहिजे. एक जरी रिकामा दिसला तर विमान जागचं हलत नाही. ते कपाट पाहून रंजीताला एकदम घरचं वाटलं. तिनं तिथंच आपल्या वरिष्ठांना, धम्मरत्न इंगोले यांना, याडीच्या सुयांची गोष्ट सांगून टाकली.

इंगोले वाशीमकडच्याच मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाचे. विमान उडायला लायक आहे अशी सही करायचा अधिकार असलेला माणूस. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणार नाही. गोष्ट ऐकून ते म्हणाले, "तुह्या मायले इथं आनून बसव. आमचे अर्धे लफडे 'कोनाचं होतं' याच्यातच होतात." आणि त्या दिवसापासून त्यांच्या तुकडीत पाना हरवला की कोणाचा ते विचारणं बंद झालं.

रंजीताचे हात बारीक, अंग लवचीक. जिथं दुसऱ्याचा खांदा अडायचा तिथं ती सळसळत आत जायची. काही वर्षांत तिनं सगळ्या परीक्षा काढल्या. राहिली फक्त एक तोंडी परीक्षा, सहीच्या अधिकाराची. तोवर तिचं काम इंगोले तपासत आणि सही त्यांची पडे. ती परीक्षा झाली की सही तिची. म्हणजे कुणाची तरी म्हातारी आई, कुणाचं तरी तान्हं लेकरू रंजीता आडे या नावावर भरवसा ठेवून आकाशात जाणार. तिला दुसरं काही नको होतं. लग्नाचं विचारणाऱ्यांनाही ती "सही होऊ द्या" एवढंच सांगायची.

परीक्षा आठवड्यावर आली आणि कमलीबाई अचानक नागपूरला येऊन थडकली. "सहज आली," म्हणाली. कमलीबाई सहज कुठं जाणारी बाई नव्हे. खोलीत वावरताना ती मिठाचा डबा चाचपून घ्यायची, जिना उतरताना भिंत सोडायची नाही. रंजीतानं विचारलं तर म्हणे, "तुमचा शयरातला उजेडच तसा हाय." रंजीताच्या डोक्यात परीक्षा, तिनं ते तिथंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलीबाई परत निघाली. पिशवी घेऊन दारात उभी, आणि रंजीता कामाचे कपडे चढवत होती. उजव्या बाहीच्या दुमडीत काहीतरी कडक लागलं. तिनं बोटानं दाबून पाहिलं. कवडी. परीक्षेआधी कुणाची नजर लागू नये म्हणून याडीनं आतून शिवलेली.

नियम तिला तोंडपाठ होता. कात्री समोर टेबलावर होती. पण दारात उभी असलेली आई तिच्याकडं असं बघत होती, की आत्ताच्या आत्ता तो टाका कापायचा म्हणजे तिच्या हातावरच कात्री चालवायची. रंजीतानं मनाशी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, संध्याकाळी उसवू. आणि याडीचा टाका तो. तो कुठं सुटतो?

हीच तिची चूक. दुसऱ्या कुणी बाहीत बटण लावून दिलं असतं तर तिनं तिथंच तोडून फेकलं असतं. पण आईचा टाका सुटत नाही, हे ती शाळेत बाराखडी शिकायच्या आधी शिकली होती.

त्या दिवशी विमान बंद करायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुंबईला जाणार, तिकिटं विकली गेलेली. रंजीतानं सकाळभर खुर्च्यांखालच्या पोकळीत काम केलं, दुपारी शेपटीकडच्या अरुंद भागात पाठीवर सरपटत शिरून तिथल्या दोऱ्या तपासल्या. दुपार कलल्यावर हत्यारं मोजली. सगळे खळगे भरलेले. इंगोले म्हणाले, "चला, फळ्या लावून घ्या."

हात धुताना तिनं बाही वर सारली आणि दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. दुमड मोकळी होती.

 तिनं खिसे पाहिले, बूट झटकले, नळाखालची जाळी पाहिली. कवडी नव्हती. ती कोणत्या यादीत नव्हती, कोणत्या कपाटात तिचा खळगा नव्हता. सगळी हत्यारं भरलेली होती. सगळ्या जगात ही गोष्ट फक्त तिला माहीत होती, आणि गप्प बसली असती तर कायम फक्त तिलाच माहीत राहिली असती.

खोटं कशाला सांगा, गप्प बसायचं तिच्या मनात आलं. कवडी ती केवढी. बहुतेक कुठल्या तरी कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहील. परीक्षा चार दिवसांवर. बाहेर कळलं तर नोकरीही जायची, मग नायक म्हणणार, बंजाऱ्याची पोरगी विमानात कवडी टाकून आली. हे सगळं ती नळ चालू ठेवून आरशासमोर उभी राहून विचार करत होती. मग तिला गोधडीवरून फिरणारे बायांचे तळहात आठवले. तिनं नळ बंद केला आणि इंगोल्यांकडं गेली.

"सर, फळ्या लावू नका. माही एक वस्तू आत पडली."

"कोनती? पाने त समदे जाग्यावर हायेत."

"पाना नाई सर. कवडी."

"कवडी?"

तिनं बाही पुढं केली. इंगोल्यांनी तो लोंबता दोरा पाहिला, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तुले नियम माहीत नाई का?"

"माहीत हाय."

"मंग?"

"माह्या मायचा टाका होता सर. सुटनार नाई वाटलं."

इंगोल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हँगरभर ऐकू जाईल असं ओरडले, "काम थांबवा! आत वस्तू हाय. कोनी उठू नका!" शेवटचं वाक्य कोणत्याही नियमावलीत नाही.

पाळीचे व्यवस्थापक धावत आले. गृहस्थ वाईट नव्हते, पण उद्याचं विमान त्यांच्या मानगुटीवर बसलेलं. "कवडीमोलाच्या वस्तूसाठी विमान अडवायचं?" म्हणाले. इंगोले म्हणाले, "अडवलं नाई साहेब, अडलं."

लावलेल्या फळ्या पुन्हा निघाल्या. विजेऱ्या आल्या, लांब दांडीचे आरसे आले, आणि जिथं आरसा पोचत नव्हता तिथं तळहात. पोरं घामाघूम झाली, पण रंजीताकडं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. शेवटी खुर्च्यांखाली, थंडी अडवणाऱ्या जाडसर अस्तराच्या सुरकुतीत, एकाच्या बोटाला ती लागली. पांढरी, गुळगुळीत, जिवंत असल्यासारखी चकाकत होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकसुद्धा म्हणाले, "चूक झाली, पण सांगितलंस ते बरं केलंस." इंगोले अहवाल लिहायला बसले आणि पोरं फळ्या लावायला लागली.

रंजीता बाहेर आली. ऊन उतरत होतं. एव्हाना कमलीबाई घरी पोचली असणार म्हणून तिनं फोन लावला आणि हसत, रडत सगळं सांगितलं.

पलीकडं फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर.

"याडी? ऐकून राह्यली ना?"

"कोनती सापडली?"

"कोनती म्हंजे? उजव्या बाहीची."

"आन् मानेची?"

रंजीताला समजेना. "कोनत्या मानेची?"

"म्या दोन शिवल्या वं. एकटी कवडी कोनी लावते का? जोडीनं राह्यते ते. दुसरी कॉलरमंदी, मांगून. नजर मांगूनच लागते."

रंजीताचा हात मानेमागं गेला. कॉलरची शिवण बोटभर उसवलेली. आत काही नव्हतं. दुपारी ती शेपटीत पाठीवर सरपटली होती.

"याडी, ते बी सुटली."

"माहा टाका सुटत नाई," कमलीबाई एकदम म्हणाली, जुन्या तोऱ्यात. मग तिचा आवाज खाली आला. "रंजी, मले दिसत नाई वं. दिवाळीपासून दिसत नाई. दोरा शेजारच्या रत्नमालेकडून ओवून आनला होता. टाके चाचपून घातले. तेच सांगाले आली होती तुह्याकडं, पन तुही परीक्षा पाह्यली आन् तोंड उघडलं नाई."

रंजीता भिंतीला टेकली. तिला मिठाचा डबा आठवला, जिन्याची भिंत आठवली. आपण रोज विमानाच्या पोटातला केसाएवढा ओरखडा शोधतो आणि घरात आई चाचपडत होती ते आपल्याला दिसलं नाही, याची तिला इतकी लाज वाटली की विमानाची भीती क्षणभर मागं पडली.

"याडी, मी मांगून बोलतो. आता मले जावं लागते."

"जाय," कमलीबाई म्हणाली. "पयले सुई शोध."

पहिल्यांदा चूक कबूल केली तर लोक पाठ थोपटतात. तीच माणसं तासाभरात दुसरी कबुली ऐकायला तयार नसतात. आता तिला आगीतून फुफाट्यात जायचं होतं, तेही आपल्या पायांनी. शेवटच्या फळीचे पेच आवळले जात होते. ती इंगोल्यांसमोर उभी राहिली आणि कॉलर वळवून दाखवली.

"सर, दोन होत्या. मले आता समजलं."

व्यवस्थापकांचा संयम संपला. "तिसरी आहे का? चौथी? अख्खी माळ आणलीस का आत? उद्या सकाळच्या लोकांना मी काय सांगू?" ते बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. टाळ्या वाजवणारी पोरंही आता खाली पाहत होती. कुणाची बस जाणार होती, कुणाच्या घरी पाहुणे होते. रंजीताचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही.

इंगोल्यांनी विजेरीच्या उजेडात ती शिवण पाहिली. मग त्यांनी विचारलं, "दोनच, पक्कं?"

"पक्कं. दुपारी मी शेपटीत होतो. मलेच जाऊ द्या सर, मले रस्ता माहीत हाय."

पण जिची वस्तू हरवली तिच्याच डोळ्यांवर तपासणी सोडायची तिथं पद्धत नव्हती. ते स्वतः गेले. वय झालेलं, पोट सुटलेलं, अर्ध्या वाटेत खांदे अडकले. पण आत शिरले. बाहेर सगळे त्यांच्या बुटांच्या तळव्यांकडं पाहत उभे. मग आतून आवाज आला, "आरसा दे."

कवडी सापडली. शेपटीकडं जाणारी पोलादी दोरी जिथं एका लहान चाकावरून वळते, त्या चाकाच्या आणि त्याच्या कडेच्या पट्टीच्या मधे ती येऊन बसली होती. इंगोल्यांनी चिमट्यानं काढली आणि बाहेर येऊन दिव्याखाली धरली. तिच्या पाठीवर दोरीचा काळा ओरखडा उठलेला होता. व्यवस्थापकांनी तो पाहिला आणि ते खुर्चीवर बसले.

"कदाचित काहीच झालं नसतं," इंगोले म्हणाले. त्यांनी कवडी दिव्याखाली पुन्हा फिरवून पाहिली. "कदाचित."

नियम तो नियम. तोंडी परीक्षा पुढं ढकलली गेली आणि रंजीताला विमानापासून काढून कित्येक महिने हत्यारांच्या खोलीत बसवलं. नोकरी मात्र राहिली, कारण अहवालात इंगोल्यांनी चूक जशीच्या तशी लिहिली आणि खाली हेही लिहिलं की दोन्ही वेळा तिनं स्वतः येऊन सांगितलं, दुसऱ्या वेळी शिव्या खायच्या तयारीनं. तिनंही ते दिवस तोंड पाडून काढले नाहीत. हत्यार न्यायला येणाऱ्या प्रत्येकाची बाही आणि कॉलर ती दुमडून बघायची, साहेब असो की मदतनीस. पोरांनी त्याला 'कवडी दाखवणं' असं नाव ठेवलं, आणि रंजीता तिथून गेल्यावरही ती पद्धत राहिली. तांड्यात बातमी पोचली ती वेगळीच. हेमसिंग नायक म्हणाले, "मी सांगतलं नव्हतं? विमान धुनं काई सोपं नाई."

त्याच महिन्यांत तिनं कमलीबाईला नागपूरला आणलं आणि दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. पट्टी सुटली तेव्हा कमलीबाईनं पहिल्यांदा लेकीच्या बाहीची दुमड पाहिली, मग कॉलर, आणि मग लेकीचं तोंड. "वाळली वं तू," म्हणाली.

पुढं परीक्षा झाली, रंजीता पास झाली, आणि पहिल्या सहीच्या वेळी इंगोल्यांनी आपलं पेन तिला दिलं. तांड्यात पेढे वाटले गेले. कशाचे ते अजूनही निम्म्या लोकांना माहीत नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात तिनं आईला विमानात बसवलं. नागपूर ते मुंबई. फुलसिंगनं टपावर जागा असेल तर येतो म्हणून सांगितलं. कमलीबाई आरशांची कांचळी, हातभर चुडा, डोईवर ओढणी अशी निघाली. तपासणीच्या यंत्रानं तिला पाहून असा काही आक्रोश केला की रांगेतले लोक वळून पाहू लागले; कमलीबाईला वाटलं, आपलं स्वागत करताहेत. कांचळीवरच्या सगळ्या कवड्या तिनं आदल्या दिवशी स्वतः काढून ठेवल्या होत्या. त्या जागांवर नुसते रिकामे टाके होते.

बाहेर उभं असलेलं विमान रंजीतानं शेपटीवरच्या अक्षरांवरून ओळखलं. तिच्याच हँगरमधून ते परवा गेलं होतं आणि त्याच्या कागदावर सही तिची होती. आईला तिनं सांगितलं नाही. खिडकीत बसवलं, पट्टा लावून दिला. कमलीबाईनं समोरच्या खुर्चीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि टाका तोलला. मागच्या रांगेत एक तान्हं लेकरू रडत होतं. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

दार बंद झालं. कमलीबाई लेकीच्या कानाशी आली.

"सुया मोजल्या का?"

"मोजल्या, याडी."

"कोनं?"

"म्या."

कमलीबाईनं पाठ टेकली. रडणारं लेकरू आता आईच्या खांद्यावर पेंगत होतं.

"मंग हाकू दे म्हना त्याले," ती म्हणाली.